कापडाच्या कात्रीनं कापलेली गोळी

शिलाईच्या त्या दुकानात नियम पुष्कळ होते आणि त्यातले बरेचसे मोडले तरी चालायचे. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख तर मोडण्यासाठीच दिलेली असायची. एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता: मोठी कात्री फक्त कापडाला लागेल. कागदाला नाही, पुठ्ठ्याला नाही, बिस्किटाच्या पुड्याला तर मुळीच नाही. इतर काही कापलं की पात्याची धार बसते आणि मग तीच कात्री कापडाला चावते, सूत ओढते, असं अक्काचे वडील सांगत. वडील गेले, कात्री राहिली आणि नियमाला अक्कानं आणखी धार लावली.

भावाचं लग्न झालं तेव्हा नव्या भावजयीनं पहिल्याच आठवड्यात त्या कात्रीनं मापाचा कागद कापला होता. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की मधल्या काळात दुकानातली दोन मशिनं बदलून झाली. अक्काच्या खात्यात मात्र तो कागद अजून येणे बाकी होता. भाजीत मीठ जास्त झालं की कागद निघायचा. बटण उलटं लागलं की कागद निघायचा. पाहुण्यांसमोर तर हमखास.

अक्का दुकानाची मालकीण आणि कटर. लग्नाच्या भानगडीत न पडलेली, साठीच्या अलीकडची बाई. मशीनवर बसायचा धाकटा भाऊ. तो पन्नाशीला टेकला होता, अर्धं डोकं उजाड झालं होतं, तरी घरात तो बाळ्याच होता. काज-बटण, हातशिलाई आणि इस्त्री भावजयीकडे. ती अंगानं सडपातळ, ताठ, आणि बोलली की नेमकं टोचेल असं बोलणारी. अक्कानं पहिल्याच वर्षी तिचं नाव टाचणी ठेवलं. तिनं रुसायचं सोडून त्या नावाला ओ द्यायला सुरुवात केली, त्यामुळे अक्काची त्यातली अर्धी मजा गेली.

आणि आता, ज्या कात्रीसाठी इतकी वर्षं इतका आरडाओरडा झाला, त्याच कात्रीनं अक्का स्वतः रोज सकाळी, शटर वर जायच्या आधी, एक पिवळी गोळी मधोमध कापत होती. अर्धी तोंडात, अर्धी बटणांच्या डब्यात, उद्यासाठी.

त्याचं असं झालं होतं. वर्षभरापूर्वी अक्काला कात्री जड वाटायला लागली. कपडे अंगावर लोंबायला लागले, पण पोटाची डावी बाजू मात्र गच्च. चार कोट कापून व्हायचे तिथे एकाला धाप लागायची. तपासण्या झाल्या आणि रक्ताच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: दीर्घकालीन ल्युकेमिया. रक्ताचा कर्करोग, पण घाईत नसलेला. डॉक्टर वयानं अक्काच्या निम्म्या, बोलायला मोजक्या. त्या म्हणाल्या, "हा आता तुमच्याकडे मुक्कामाला आहे. पण रोज एक गोळी घेतली तर तो कोपऱ्यात गप्प बसेल. ही गोळी नेमक्या बिघडलेल्या पेशींनाच धरते."

अक्कानं गोळी सुरू केली आणि गोळीनं अक्काला तिचं टेबल परत दिलं. पोटाचा गच्चपणा उतरला. हात पुन्हा खांद्याच्या वर जायला लागले. बाळ्याला दिवसातून पूर्वीइतक्याच शिव्या बसायला लागल्या, तेव्हा टाचणीनं बाळ्याला सांगितलं, "आता मला काळजी नाही."

मग काही महिन्यांनी रिपोर्टात आकडे घसरले. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हाडांच्या आत, जिथे रक्त तयार होतं त्या मज्जेत, आधी बिघडलेल्या पेशींचीच गर्दी होती. गोळीनं ती हटवली, पण चांगल्या पेशींना अजून आपली जागा घेता आलेली नाही. सुरुवातीच्या महिन्यांत हे पुष्कळांना होतं. "गोळी थांबवायची. दर आठवड्याला रक्त तपासायचं. आकडे वर आले की पुन्हा सुरू करू."

थांबवायची. हा शब्द अक्काच्या घशाखाली उतरला नाही. डॉक्टरांसमोर तिनं मान हलवली, पण घरी येईपर्यंत हिशेब मांडून झाला होता. कोट गिऱ्हाइकाला घट्ट झाला तर आपण काय करतो? शिवण उसवून बोटभर सैल करतो. कोट कचऱ्यात टाकतो का? नाही. मग गोळी अंगाला घट्ट होत असेल तर अर्धी करावी, ती टाकून देण्यात कसलं आलंय शहाणपण? डॉक्टर हुशार आहे, पण तरुण आहे. तिला उसवायचं कुठं माहीत असणार.

हिशेबाच्या तळाशी एक साधी भीती होती, पण ती अक्कानं स्वतःलाही दाखवली नाही. गोळीच्या आधीचे दिवस तिला आठवत होते: स्टुलावर बसून बाहेरून बोलावलेल्या कटरची कात्री चालताना नुसतं ऐकण्याचे दिवस. त्या दिवसांकडे परत जाणाऱ्या रस्त्यावर एक पाऊलसुद्धा टाकायची तिची तयारी नव्हती.

बाळ्यानं गोळ्यांची डबी आपल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. एक पट्टी अक्कानं त्याआधीच बटणांच्या डब्यात सरकवली होती.

बाळ्यानं बाकीचा कारभारही जोरात हाती घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लागू देऊ नका, खुपू देऊ नका, गर्दी टाळा, मऊ ब्रशनं दात घासा, दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका, आणि ताप आला तर सकाळची वाट न बघता लगेच या. बाळ्यानं कटिंगच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड ठोकले. टेबल एकदम रुबाबदार दिसायला लागलं. दारावर त्यानं पाटी लावली: 'खोकणाऱ्यांनी माप बाहेरून सांगावे.' आणि सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर घेऊन तो अक्कासमोर उभा राहायचा.

"आ कर."

"लहानपणी तुला औषध पाजताना मी असंच म्हणायचे."

"तेव्हा तू नाक दाबायचीस. मी दाबतोय का? आ कर."

टाचण्या, सुया, उसवणी, ब्लेड, सगळं अक्काच्या हाताबाहेर गेलं. आणि अर्थात मोठी कात्रीही. निदान दुकान उघडल्यावर.

नेमकं त्याच वेळी गावच्या वाद्यवृंदाचं काम आलं होतं. सगळ्या वादकांना एकसारखे गडद निळे कोट. त्यांचा बँडमास्तर पोटानं गोल, खांद्यानं उतरता, मापाला अवघड माणूस. अक्का उंच स्टुलावर बसून खडूनं कापडावर रेघा मारून द्यायची आणि कात्री चालवायची टाचणी.

पहिल्या दिवशी अक्कानं तिच्यावर अशी नजर ठेवली, जशी नव्या कारकुनावर सावकार ठेवतो. काखेच्या गोलाईला हात थांबला, एक वजा. बाहीला कापड वाचवलं, एक जमा. कॉलरला घाई केली, वजा. अस्तर एका दमात कापलं, जमा. आठवडा संपेपर्यंत जमेची बाजू जड झाली होती. अक्कानं ते कुणाला सांगितलं नाही, कारण न विचारता कौतुक करणं म्हणजे उधारीवर माल देणं, असं तिचं मत होतं.

"गोलाईला मनगट वळवायचं नाही," ती म्हणायची. "कापड वळव."

"वळवते."

"आणि श्वास सोड. श्वास धरून कापलं की कडेला दात पडतात."

"अक्का, तुम्ही श्वास धरलाय. माझा चालू आहे."

दोन आठवडे आकडे जागचे हलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट आणखी खाली गेल्या. अक्काच्या दंडावर, काही न लागता, जांभळे ठिपके उमटले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला, मग अक्काकडे पाहिलं.

"गोळी पूर्ण बंद आहे ना?"

अक्का तोंड उघडणार, एवढ्यात बाळ्या पुढे झाला. "डबी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. आमची अक्का हट्टी आहे डॉक्टर, पण खोटी नाही."

अक्कानं तोंड मिटलं.

"मग मला काळजी वाटते," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी थांबवल्यावर एवढ्या दिवसांत आकडे थोडे तरी वर यायला हवे होते. नाही आले, म्हणजे हाडातल्या मज्जेत काय चाललंय ते बघावं लागेल. हाडातून नमुना घेऊ, पुढच्या आठवड्यात. आणि ही गोळी तुम्हाला झेपत नाही असं दिसलं तर दुसरी शोधावी लागेल. खरं तर मला बदलायची नव्हती. ही तुम्हाला छान लागू पडली होती."

घरी येताना बाळ्या नेहमीपेक्षा दुप्पट बोलत होता, म्हणजे तो घाबरला होता.  अक्काला जिनं तिचं टेबल परत दिलं ती गोळी आता जाणार होती, आणि तिचा काही गुन्हा नव्हता हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. सांगावं तर भाऊ डॉक्टरांसमोर तोंडघशी पडतो, न सांगावं तर गोळी जाते. अक्कानं हा ताळा पुन्हा पुन्हा करून बघितला. दर वेळी चूक तिच्याच खात्यावर येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी बँडमास्तरचा कोट कापायला बसली. पाठीचा भाग, लांब सरळ रेघ, त्यात अवघड काही नाही. पण कात्री मध्येच अडली. टाचणीनं पाती उघडून पुन्हा चालवली. पुन्हा तिथेच अडली, आणि कापडाचं एक सूत ओढून घेऊन थांबली.

टाचणीनं कात्री उजेडात धरली. मग चष्मा लावून पुन्हा धरली.

"वन्सं," ती म्हणाली.

एरवी 'अक्का' म्हणणारी टाचणी 'वन्सं' म्हणाली की बाळ्या आपोआप मशीन थांबवायचा. आत्ताही थांबवलं.

"ही कात्री कशाला लागलीय?"

"कापडाला," अक्का म्हणाली. "आणखी कशाला लागणार?"

"खिळ्याजवळ पात्याला बारीक दाता पडलाय. कापडानं दाता पडतो होय?"

"मग बाळ्यानं काहीतरी कापलं असेल. तो काय, त्याला कात्री आणि चमचा सारखाच."

बाळ्या उठून उभा राहिला. "मी? मी त्या कात्रीला हात लावला असेल तर माझा हात…"

"बसा तुम्ही," टाचणी म्हणाली. तिनं करंगळीचं नख पात्याच्या सांध्यात घालून फिरवलं. नखावर पिवळी भुकटी आली. ती तिनं बघितली, मग स्टुलावर बसलेल्या नणंदेकडे बघितलं. अक्का एकदम खडूला टोक काढायला लागली.

"अहो," टाचणी नवऱ्याला म्हणाली, "अस्तराचा दोरा संपलाय. तेवढा घेऊन या."

"कालच तर मी…"

"संपलाय."

बाळ्या गेला. दार मिटलं. टाचणी टेबलाला वळसा घालून आली आणि अक्कासमोर नख धरून उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वन्सं, एका कागदावरून तुम्ही मला इतकी वर्षं खाल्लंत. मला हे दोन मिनिटांत सांगा."

अक्कानं सांगितलं. अर्धी गोळी, बटणांचा डबा, सगळं. सुरुवातीला आवाज मालकिणीचा होता, मग हळूहळू उतरत गेला. "घट्ट झालं तर आपण सैलच करतो ना गं? फेकून देतो का?"

 टाचणीनं बँडमास्तरचा जुना कोट, जो मापासाठी खुंटीला लावला होता, तो उचलून अक्काच्या मांडीवर टाकला.

"हा सैल करायचा होता तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, कोट काढा."

"अंगात असताना नाही उसवलात?"

"वेडी आहेस का? अंगात असताना उसवलं तर माणसाच्या कातडीला…" आणि अक्का थांबली.

"आधी उतरवायला लावलात," टाचणी म्हणाली. "मग सैल केलात. मग पुन्हा घालून बघायला लावलात. डॉक्टरीणबाई दुसरं काय सांगत होत्या? त्या म्हणाल्या, काढा. तुम्ही म्हणालात, अंगातच असू दे, मी एक बटण सोडते."

अक्कानं कोटाच्या कॉलरवरून बोट फिरवलं. तिनंच लावलेली कॉलर होती, चोख बसलेली.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला गोळी गिळण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

"मला कळत नाही होय? तुम्ही स्टुलावर बसून नुसतं ऐकत होतात ते दिवस मीही बघितलेत. पण मी तेव्हासुद्धा तुमच्या कात्रीला हात लावला नव्हता. तुमचं टेबल कुठं पळून जाणार आहे?" टाचणीनं नख ॲप्रनला पुसलं. "आता डॉक्टरांना तुम्ही सांगता की मी?"

"मी सांगते. पण तू काही बोलू नकोस. आणि त्या बदल्यात…" अक्काला सवयीप्रमाणे सौदा करावासा वाटला. "काय पाहिजे तुला?"

टाचणीला विचार करायला क्षणभरही लागला नाही. "तो कागद. आजपासून तो विषय बंद. पाहुण्यांसमोरसुद्धा."

अक्कानं मोठा श्वास घेतला. इतक्या वर्षांची येणे बाकी एका फटक्यात सोडायची, म्हणजे काही कमी नुकसान नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. अक्कानं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसल्यावर धीर सुटला असता. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकल्या.

"बरं झालं आलात. मी तुमच्या हाडात सुई घालायला निघाले होते आणि एका चांगल्या औषधाला काढून टाकायला. अर्धी रोज म्हणजे मज्जेला उसंत मिळालीच नाही. आणि ही गोळी कापायची नसते, तिच्यावर आवरण असतं ते काही शोभेसाठी नाही." मग त्या म्हणाल्या, "थोडे दिवस थांबवली म्हणून आजार लगेच उसळून येत नाही. मी लक्ष ठेवून आहे ना. ठेवू द्याल का?"

"देईन," अक्का म्हणाली.

"नमुना आत्ता नको. आता खरोखर थांबवू, आणि बघू."

टाचणीनं बटणांच्या डब्यातली उरलेली पट्टी पर्समधून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. सोबत एक अर्धी गोळीही होती आणि तिला चिकटलेलं एक निळं बटण.

बाळ्याला अक्कानं त्याच रात्री जेवताना सांगितलं. त्याचा हात ताटावरच थांबला.

"कात्रीनं?" तो म्हणाला. "मोठ्या कात्रीनं?"

"हो."

"बाबांच्या कात्रीनं?"

"अरे, मी गोळी घेत होते, ते ऐकलंस का तू?"

"ते ऐकलं. त्याचं मी उद्या रागावतो," बाळ्या म्हणाला. "पण मोठ्या कात्रीनं, अक्का!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप बघताना तो खरोखर रागावला आणि 'खोटी नाही' हे आपले शब्द त्यानं तिला परत ऐकवले. अक्कानं ते गुपचूप ऐकून घेतलं, कारण थर्मामीटर तोंडात होता.

पुढच्या तपासणीत प्लेटलेट जरा हलल्या. त्याच्या पुढच्या वेळी चढल्या, आणि पांढऱ्या पेशीही मागोमाग आल्या. प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या त्या दिवशी बाळ्यानं रिपोर्ट दुकानात आणून खुंटीला लावला, बँडमास्तरच्या कोटाशेजारी. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. तीच गोळी, पण कमी ताकदीची, आकारानंही लहान, कारखान्यातूनच तशी आलेली.

"म्हणजे सैलच केली ना शेवटी?" अक्का म्हणाली. तिला एवढा तरी नफा हवा होता.

"केली," डॉक्टर म्हणाल्या. "पण आधी काढून."

टाचणीनं खिडकीबाहेर बघितलं. तिचे खांदे हलत होते.

कात्रीला धार लावून आणली. दाता घासून गेला. सगळे कोट पूर्ण झाले त्या सकाळी दुकानात वाफेचा आणि नव्या कापडाचा वास भरला होता. टेबलाच्या कोपऱ्यांना पॅड अजून तसेच होते, कारण टेबल त्यात बरं दिसतं यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. न्याहारी झाली होती. अक्का एका हातात लहान पिवळी गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. समोर टेबलावर नवं काम पसरलेलं होतं. अक्का कडेला खडू मारणार होती, गोलाई टाचणी कापणार होती आणि सरळ रेघा अक्का स्वतः. अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती, ती आपोआप झाली होती.

बाळ्या कोटांचे गठ्ठे कागदात बांधत होता. त्याला सुतळी कापायची होती. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि जवळ जी दिसली ती कात्री उचलली.

"बाळ्या!"

"अहो!"

दोघींचा आवाज एकाच वेळी इतका मोठा निघाला की बाळ्यानं कात्री निखाऱ्यासारखी खाली ठेवली.

"कितीदा सांगायचं रे?" अक्का कडाडली. "कापडाशिवाय काही नाही! एकदा ह्या घरात एका शहाणीनं ह्याच कात्रीनं…"

टाचणीनं मान वर केली. ती नुसतं करंगळीचं नख उजेडात धरून बघायला लागली.

अक्कानं गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी घेतलं, आणि वाक्यासकट गिळून टाकली.